आजेसासऱ्यांच्या फिडलच्या टेप्स: आधी काय करू नये, मग काय करावं

ज्या प्रश्नाचं हे उत्तर आहे तो आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्या ताई मूळच्या नाशिककडच्या, सासर व्हर्जिनियातल्या ग्रेसन काउंटीत, ॲपलेशियन डोंगरांत. नवऱ्याचे आजोबा फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवायचे. घर विकायला काढलंय आणि तळघरातून एक खोकं निघालं: ११ स्पूल (उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या टेप्स), तीस-चाळीस कॅसेट्स आणि कागदी पाकिटांतल्या ४ काळ्या तबकड्या. नवऱ्याने जुना टेप डेक विकत आणलाय, या शनिवारी लावून बघायचा बेत आहे. घरातली ८४ वर्षांची आतेसासू लहानपणी वडिलांबरोबर बँजो (कातडं ताणलेलं, पाच तारांचं वाद्य; आपल्याकडचा बटणांचा बँजो नव्हे) वाजवायची, ती अजून आहे. "सगळं डिजिटल करून, खरखर काढून, सगळ्या नातेवाइकांना पेन ड्राइव्हवर द्यायचंय. कुठून सुरुवात करू?"

ताई, शनिवारी तो डेक लावू नका. निदान या स्पूलवर तरी नको.

मी हे काम गेली २८ वर्षं करतोय. पुण्यात टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या टेबलावर शिकलो आणि नंतर पूर्व टेनेसीत येऊन स्थिरावलो. तुमच्यासारखी खोकी इथे दर घर-विक्रीत निघतात. बऱ्याचदा टेप पन्नास-साठ वर्षं तळघरात तग धरून असते आणि घरात सापडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिचं नुकसान होतं, कारण प्रत्येकाला ऐकायची घाई झालेली असते.

आधी हे खोकं एवढं मोलाचं का, ते सांगतो. तुमचं सासर ज्या भागात आहे तिथलं हे संगीत प्रामुख्याने घरात वाजायचं. गॅलॅक्स गावचं फिडलर्स कन्व्हेन्शन १९३५ पासून भरतंय, पण खरं वादन स्वयंपाकघरात, ओसरीवर आणि नाताळच्या दिवसांत घरोघरी चालणाऱ्या नाचांना. जवळच, राज्याची सीमा ओलांडली की नॉर्थ कॅरोलायनातला राउंड पीकचा परिसर. तिथले टॉमी जॅरेल, फ्रेड कॉकरम, काइल क्रीड या वादकांची नावं आज जगभर माहीत आहेत. त्यात मोठा वाटा आहे तो टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसलेल्या पाहुण्यांचा. जॅरेल १९८५ मध्ये वारले तोवर त्यांच्या दिवाणखान्यात किती जणांनी टेप फिरवली असेल, मोजदाद नाही. त्यांना निदान तेवढे पाहुणे लाभले. शेजारच्या दरीतल्या, तेवढ्याच तयारीच्या पण कुणी न शोधलेल्या वादकाचं जे काही उरलं ते असल्याच खोक्यात.

केंटकीच्या मॅगॉफिन काउंटीतले जॉन सॅलियर (१८८२–१९५२) हे उदाहरण मी नेहमी देतो. व्यावसायिक रेकॉर्ड काढायला त्यांनी नकार दिला. १९४१-४२ मध्ये त्यांच्या मुलांनी घरीच तबकडी कापण्याचं यंत्र आणून वडिलांचं वादन उतरवून घेतलं. त्या तबकड्या घरात राहिल्या आणि १९९३ मध्ये बेरिया कॉलेजने त्यांतून संच प्रसिद्ध केला. आज सॅलियरांच्या चाली जे कुणी वाजवतात ते त्या मुलांच्या जिवावर.

दुसरं उदाहरण एड हेली यांचं. जन्म १८८५, अंध, केंटकीतल्या ॲशलंडमध्ये राहायचे, कोर्टाच्या आवारात आणि रस्त्यावर फिडल वाजवून संसार चालवला. फसवणुकीच्या भीतीने त्यांनीही कंपन्यांना दाद दिली नाही. १९४०च्या दशकात मुलगा राल्फ याने घरी तबकड्या कापल्या. राल्फ गेल्यावर त्या तबकड्या भावंडांत वाटल्या गेल्या. ही त्याला, ही तिला, जशा आईच्या बांगड्या वाटाव्यात तशा. त्यातल्या काही १९७६ मध्ये एलपीवर आल्या, पुढे जॉन हार्टफर्ड या वादकाने कित्येक वर्षं खपून १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणखी सीडी काढायला लावल्या. पण जाणकारांच्या मते मूळ संग्रहाचा मोठा भाग कधी हातीच लागला नाही. म्हणून तुमच्या घराला पहिली विनंती: खोकं वाटू नका. प्रती हव्या तेवढ्या वाटा, मूळ वस्तू एका जागी ठेवा.

आता खोक्याकडे वळू.

सगळ्यात आधी फोटो. खोकं जसं निघालं तसं वरून, मग प्रत्येक डबी पुढून, मागून, कडेवरून, आतली चिठ्ठी, कोपऱ्यातला पेन्सिलीने लिहिलेला आकडासुद्धा. डब्यांचा क्रम मोडायच्या आधी हे करायचं. कुठली कुठल्याशेजारी होती यावरूनही वर्ष लागतं. मग प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या. डबीवर तो मऊ पेन्सिलीने लिहा, चिकटपट्टी लावू नका, बॉलपेन नको. डब्या बुरशीने माखल्या असतील तरी फेकायच्या नाहीत, वेगळ्या पिशवीत ठेवायच्या. बुरशी दिसली तर मास्क लावा, डबी घरात उघडू नका. या डोंगरांतली तळघरं म्हणजे बुरशीचं माहेरघर आहे, आणि ती धूळ छातीत गेली की महिनाभर खोकला सोडत नाही, स्वानुभव आहे.

मग खोकं तळघरातून हलवा, पण माळ्यावर नेऊ नका. तिथे उन्हाळ्यात भट्टी पेटते. राहत्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट उत्तम. साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस, हवा कोरडी, आणि स्पूल-तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या. पाण्याचा धोका इथे काल्पनिक नाही. जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीत पूर आला तेव्हा व्हाइट्सबर्गच्या ॲपलशॉप या संस्थेच्या अभिलेखागारातच पाणी शिरलं. ज्यांचा धंदाच या डोंगरांच्या आठवणी जपण्याचा, त्यांच्या टेप्स चिखलात. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाचं काय केलं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. टेप कधी भिजलीच तर एक लक्षात ठेवा: वाळवण्यासाठी हेअर ड्रायर नको आणि फ्रीझरही नको. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने चिखल हलका धुवून, थंड जागी ठेवून, ताबडतोब जाणकाराकडे.

आता स्पूलचं बघू. प्रत्येक स्पूल दिव्यासमोर धरा, बाजूने, गुंडाळलेल्या थरांतून उजेड येतो का बघायला. उजेड येत असेल तर ती ॲसिटेटची टेप, बहुधा पन्नास-साठच्या दशकातली. उजेड अडत असेल तर पॉलिएस्टर, नाहीतर अगदी जुनी असेल तर कागदाच्या पाठीची. कागद हाताला कळतोच. ॲसिटेटची टेप म्हातारी झाली की ठिसूळ होते, पण मोडली तर स्वच्छ मोडते, जोडता येते. पॉलिएस्टर ताणली जाते, आणि ताणलेला सूर परत येत नाही. डबी उघडल्यावर लोणच्याच्या बरणीसारखा व्हिनेगरचा वास आला तर ती टेप सडायला लागली आहे. घाबरू नका, पण तिला स्पूलच्या रांगेत पहिला नंबर द्या आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

ज्यांची पाठ काळी, मॅट दिसते अशा टेप्स जपून, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या. त्यांतल्या काहींत चुंबकी कण टेपला धरून ठेवणारा बाईंडर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. डेकवर लावल्या की किंचाळतात, डेकच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिखल सोडतात, आणि तो चिखल म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांचं वादनच असतं. त्यांवर उपाय आहे: साधारण ५४ अंशांवर आठ तास किंवा जास्त, नियंत्रित भट्टीत शेकणं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नव्हे. आणि ॲसिटेटची टेप चुकूनही शेकायची नाही. हे काम माझ्यासारख्याकडे द्या. इथे हौशीपणा महाग पडतो.

आता नवऱ्याने आणलेला डेक. तो चांगलाही असेल, पण त्याची परीक्षा तुमच्या टेपवर नको. बाजारात कुठलीही जुनी, बिनकामाची स्पूल मिळते, ती आधी चार तास फिरवा. हेड आणि रबराचा रोलर स्वच्छ करा, हेडचं चुंबकत्व काढून घ्या. आणि रेकॉर्डच्या बटणावर जाड चिकटपट्टी लावून टाका. कॅसेटला निदान मागचा छोटा प्लास्टिकचा तुकडा तोडून रेकॉर्डिंग बंद करायची सोय असते. स्पूलला तसं काहीच नाही, एका चुकीच्या बोटाने तीन मिनिटं कायमची जातात. मी हे घडताना पाहिलंय. त्या घरातल्या कुणीच नंतर त्याबद्दल बोलायला तयार नव्हतं.

जोरात मागे-पुढे गुंडाळणं बंद. टेप एकदा हळू, वाजवण्याच्या वेगाने पुढे न्यायची आणि वाजवतानाच उतरवायची. ऐकायला म्हणून वेगळी फेरी नाही, पहिली फेरी हीच नोंदणीची फेरी.

घरगुती टेपांचा चकवा असा की स्पूल महाग होती, म्हणून लोक तिच्यातला इंच न इंच वापरायचे. एकाच स्पूलवर साडेसात इंच प्रतिसेकंद वेगाने सुरुवात, मध्येच पावणेचार, शेवटी टेप संपत आली म्हणून पावणेदोनच्या आसपास. एका बाजूला फिडल, उलट्या बाजूला चर्चमधलं प्रवचन. चार ट्रॅकची (टेपच्या रुंदीत चार पट्टे भरणारी) मशीन आल्यावर तर डावीकडे एक, उजवीकडे दुसरंच. त्यामुळे डाव्या-उजव्या वाहिन्या एकत्र करून "मोनो" बनवू नका. एका कानात उलटं वाजणारं काहीतरी ऐकू आलं तर तो बिघाड नाही, ती दुसरी बाजू आहे. संगणकावर उलटी फिरवली की सरळ होते.

उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात आणि त्यात शहाणपण आहे. स्टीरिओत तासाला जेमतेम दोन जीबी लागतात. आजच्या काळात जागेची सबब चालत नाही. एमपी३ नातेवाइकांना द्या, पण ती प्रत आहे, मूळ नव्हे.

आणि आता तुमच्या प्रश्नातल्या त्या दोन शब्दांवर येतो: "खरखर काढून." इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे.

मूळ उतरवलेल्या फाइलला हात लावायचा नाही. खरखर नाही काढायची, सुरुवातीची शांतता नाही कापायची, दोन चालींमधलं बोलणं तर अजिबात नाही. ऐकायला गोड प्रत हवी तर वेगळी बनवा, हवी तेवढी घासा. पण मूळ फाइल टेप जशी आहे तशी: कुत्र्यासकट, कोंबड्यासकट, जाळीच्या दाराच्या धाडकन आवाजासकट.

हे मी सोवळेपणाने सांगत नाही. चालींच्या मध्ये असतं तेच पुढे कामाला येतं. कसं ते एकेक करून दाखवतो.

चाल सुरू होण्याआधी फिडलवाला तारा लावतो. कुणालाही वाटेल, हे काय ठेवायचं? पण या संगीतात फिडलच्या चार तारा नेहमी जी-डी-ए-ई (ही पाश्चात्त्य स्वरांची नावं) अशा लावलेल्या नसतात. ए सुरातल्या चालींना पुष्कळदा ए-ई-ए-ई, डी सुरातल्यांना ए-डी-ए-ई, कुठे आणखी वेगळ्या. त्या मोकळ्या तारा सतत गुंजत राहतात आणि चालीचा सगळा स्वभाव त्यांच्यावर उभा असतो. तानपुरा पंचमात की मध्यमात यावर मैफल बदलते, तसंच समजा. बँजोचंही तेच: पाचवी आखूड तार कशी लावली, मधली तार चढवली का, यावर बोटं कुठे पडणार ते ठरतं. हे सगळं त्या "टुंग टुंग"च्या दहा सेकंदांत उघडं सापडतं, आणि चाल सुरू झाल्यावर शोधायला तासन्‌तास लागतात. मला लोक विचारतात, अमक्या वादकाचं ट्यूनिंग काय होतं? आणि कुणीतरी नेमका तोच तुकडा कापलेला असतो.

मग सूर. जुन्या वादकांकडे ट्यूनर नव्हता. बँजोचं कातडं दमट हवेत सैल पडायचं, उन्हात ताणायचं; कातडं जेवढं सोसेल तेवढा बँजो चढवायचा आणि फिडल त्याच्याशी मिळवायची. म्हणून टेपवरचा ए आजच्या ठरलेल्या ४४० हर्ट्झच्या खाली आहे की टेपच हळू चाललीय, हे नुसत्या कानाने कळत नाही. इथे खरखर काढणाऱ्यांचा शत्रू आपला साक्षीदार होतो, तो म्हणजे विजेचा घुं आवाज. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. घरातल्या दिव्यातून, मशीनमधून तो घुं त्या दिवशी टेपवर उतरलेला असतो. आज टेप वाजवताना तो ५७ वर दिसला तर समजायचं, टेप हळू चालतेय. पेटीवरची पांढरी आणि शेजारची काळी एवढा जवळजवळ फरक पडलाय. वेग तेवढा वाढवला की घुं ६० वर येतो आणि फिडल जिथे होती तिथे येते. आजच्या डेकचा स्वतःचा घुं वेगळा ओळखायचा. तो टेप थांबवली तरी राहतो. बॅटरीवर चालणाऱ्या कॅसेटरेकॉर्डरने घेतलं असेल तर घुं नाही, आणि सेल उतरत गेले तसा सूर चढत गेलेला असतो. तेव्हा वेगळी कसरत. (आपल्याकडे याची उलटी गंमत. पुण्यात माझ्या टेबलावर अमेरिकेतून आणलेले स्पूल रेकॉर्डर यायचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यांची मोटर सहा पावलांच्या जागी पाच टाकायची आणि अमेरिकेत भरलेली टेप पुण्यात तीन पट्ट्या खाली वाजायची. मालक म्हणायचा, बुवांचा आवाज बसलाय!)

मग तारीख. नव्वद टक्के डब्यांवर ती नसते किंवा चुकीची असते. पण एका चालीच्या आधी, जुन्या ध्वनिमुद्रणाचा न पुसलेला तुकडा म्हणून, रेडिओवरची बातमी किंवा जाहिरात सापडते. त्या दोन सेकंदांवरून वर्षच नव्हे, कधी कधी आठवडा लागतो.

आणि शेवटी माणसं. "ही माझ्या काकांकडून घेतली." "नाही रे, ते तिसरा भाग असा वाजवायचे." "कॉफी ठेवलीय का?" अशा वाक्यांत चालीचं घराणं असतं. एकच चाल इथे दर काउंटीत वेगळ्या नावाने ओळखली जाते आणि एकाच नावाखाली तीन वेगळ्या चाली फिरतात. वादकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं नाव आणि कुणाकडून शिकला ते, याला दुसरा पर्याय नाही.

हे मी शिकलो ते चूक करून. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका कुटुंबाने सांगितलं, फक्त संगीत ठेवा, बाकी काढा. मी निमूट काढलं, सुबक सीडी करून दिल्या, स्पूल परत केल्या. बारा वर्षांनी त्या घरातली मुलगी आली. दोन चालींच्या मध्ये तिची आई काहीतरी म्हणायची, हसायची, तो आवाज घरात दुसऱ्या कुठल्याही टेपवर नव्हता. स्पूल तोवर कचऱ्यात गेल्या होत्या. सीडी आहेत ना, मग त्या कशाला ठेवायच्या? माझ्या हार्ड डिस्कवरही कापलेलीच प्रत. तेव्हापासून ग्राहकाने कितीही सांगितलं तरी न कापलेली फाइल मी बनवतोच, आणि मूळ टेप फेकू नका असं पावतीवर लिहून देतो.

तबकड्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण तुम्ही त्यांना "जुन्या रेकॉर्ड" म्हटलंय. दुकानातल्या ७८ च्या रेकॉर्डसारख्या त्या दिसतात, पण तशा नाहीत. त्या घरीच कापलेल्या, जगात एकेकच प्रत. आत ॲल्युमिनियमची चकती, वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर, तो मऊ राहावा म्हणून बहुधा एरंडेल तेल. लेबलजवळच्या किंवा भोकाच्या कडेला धातू चमकतो का बघा. युद्धकाळात ॲल्युमिनियमचा तुटवडा होता, तेव्हा काचेच्या आणि पुठ्ठ्याच्या चकत्याही निघाल्या. काचेची असेल तर ती तुमच्या हातात मोडू शकते, म्हणून दोन्ही हातांनी, कडेला धरूनच उचलायची.

काळानुसार त्या थरातलं तेल सुटून वर पांढरी भुकटी येते. ती बुरशी नसते बहुधा, आम्लाचे कण असतात. थर आकसतो, खालची चकती आकसत नाही, आणि एक दिवस वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. तडकून पापुद्रे सुटले की नेहमीच्या सुईने ते वाजवणं संपलं. मग कॅमेऱ्याने खाचांचे फोटो काढून त्यांतून आवाज काढणारी यंत्रणा आहे, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत विकसित झालेली. थोर काम आहे, पण खर्चीक. तुमच्या चार तबकड्या अजून अखंड असतील तर त्या खोक्यातल्या सगळ्यांत तातडीच्या आहेत, स्पूलच्याही आधी. स्वतः वाजवायच्या नाहीत. एलपीची सुई या रुंद खाचांना चालत नाही, आणि त्या काळच्या जड ग्रामोफोनवर तर एकेका फेरीला आवाज खरवडला जातो. पुसायच्याही नाहीत. विशेषतः स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने, कारण त्यात हा थर विरघळतो. टेपचे हेड ज्याने पुसतात त्याच बाटलीने तबकडी पुसून बसलेली माणसं मला भेटली आहेत.

कॅसेटचं काम मात्र घरी करा, हरकत नाही. चांगला, सर्व्हिस झालेला डेक घ्या, दिवाणखान्यातला स्वस्त यूएसबीवाला नको. आतला स्पंजचा छोटा दाब-पट्टा पडलेला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा बसवता येतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते, ती आधी उरका. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा तिरपेपणा कानाने जुळवावा लागतो. स्क्रू हळूच फिरवत जायचा. बँजोची टणक सुरुवात सगळ्यात चुरचुरीत ऐकू येते तिथे थांबायचं. नव्वदच्या दशकातल्या घरी भरलेल्या सीडी किंवा डॅट (छोट्या डिजिटल) टेप खोक्यात निघाल्या तर त्यांना "नवीन" समजून मागे ठेवू नका. त्या जुन्या स्पूलपेक्षा आधी दगा देतात.

फाइल झाल्या की तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा तपासा. नावात क्रमांक, बाजू, तारीख एवढंच. वादकाचं नाव फाइलच्या नावात घालू नका, ते नंतर चुकीचं ठरण्याचा संभव जास्त. ती माहिती साध्या तक्त्यात.

आणि तो तक्ता भरणार कोण? तुमच्या आतेसासू. टेप अजून पाच वर्षं थांबेल, त्या थांबतील का सांगता येत नाही. म्हणून मी तर उलटा क्रम सुचवेन. पहिल्या दोन-तीन कॅसेट उतरल्या की बाकीचं सगळं सोडून त्यांच्याकडे जा. सकाळी, त्या ताज्या असताना. एका बैठकीत चार-पाच चालींपेक्षा जास्त नको. फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवायचा, त्यांना विचारून. "हे फ्रेडच वाजवतायत ना?" असा प्रश्न नको, त्या प्रेमाने हो म्हणतील. "हे कोण?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. कुठल्या घरात, कुठल्या खोलीत, मशीन कुणाचं होतं, नाचायला कोण होतं, मागे पाय कोण आपटतंय.

त्यांच्या हातात बँजो द्या. हे नक्की करा. सांध्यांमुळे वाजवता आलं नाही तरी चालेल. तोंडाने "आठवत नाही" म्हणणारी माणसं बँजो मांडीवर आला की आपोआप खुंटी पिळायला लागतात, आणि तुम्हाला ट्यूनिंग मिळतं. त्याचा व्हिडिओ काढा, चेहऱ्याचा नव्हे, डाव्या हाताचा आणि खुंट्यांचा.

यात तुम्ही बाहेरून आलेली सून असण्याचा फायदा आहे, तो सोडू नका. नातवाने विचारलं तर त्या "तुला माहीतच आहे" म्हणून गाळतील. तुम्हाला काहीच माहीत नाही असं गृहीत धरून त्या पहिल्यापासून सांगतील. माझंही तसंच झालं. पुण्याच्या माणसाला बिचाऱ्याला काय कळणार, म्हणून लोकांनी मला जे सांगितलं ते स्वतःच्या मुलांनाही सांगितलेलं नव्हतं.

मूळ वस्तू पुढे कुठे ठेवायच्या, याचाही विचार आत्ताच करा. फेरम कॉलेजची ब्लू रिज इन्स्टिट्यूट, जॉन्सन सिटीतल्या विद्यापीठाचं आर्काइव्ह्ज ऑफ ॲपलेशिया, चॅपल हिलचं सदर्न फोकलाइफ कलेक्शन, बेरिया कॉलेज, आणि वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसचं अमेरिकन फोकलाइफ सेंटर. पहिली दोन तुमच्या घरापासून गाडीने जाण्याजोगी आहेत, आधी त्यांच्याशी बोला. सगळं खोकं प्रत्येकाला हवं असेलच असं नाही, आणि कुणी घेतलं तरी उतरवायला वर्षं लागतात. म्हणून आधी तुमची प्रत बनवा, मग द्या. देताना लेखी करार असतो तो नीट वाचा. वस्तू देणं आणि हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हक्क घराकडे ठेवता येतात.

हक्कांचं थोडक्यात. जुन्या चाली कुणाच्या मालकीच्या नाहीत, पण ते वादन घराचं आहे. शेजाऱ्याने वाजवलं असेल तर त्याच्या घराचंही. फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत २०१८ पर्यंत राज्याराज्यांचे कायदे लागायचे, त्या वर्षी केंद्राचा कायदा आला, तेव्हा इंटरनेटवर टाकण्याआधी एकदा विचारून घ्या. कायद्यापेक्षा शेजारधर्म मोठा. टेपवर कुणाच्या घटस्फोटाची चर्चा असते, कुणाची दारू असते, प्रार्थनासभेतलं रडणं असतं. ते कापू नका, पण तेवढा भाग अमुक वर्षांपर्यंत बंद असं करारात लिहिता येतं. ती कलमं आतेसासूंना विचारून भरा, वकिलाला नंतर.

तर या शनिवारी काय? फोटो काढा, क्रमांक द्या, प्रत्येक स्पूल दिव्यासमोर धरा आणि नाकाजवळ न्या. नवऱ्याला त्या डेकवर बाजारातली टाकाऊ टेप फिरवू द्या, त्याचाही उत्साह कुठेतरी जिरला पाहिजे. चारही तबकड्या एकमेकींवर रचलेल्या असतील तर त्या उभ्या करा. जिच्या काठाला पांढरी भुकटी दिसेल ती वेगळ्या, स्वच्छ कागदी पाकिटात घाला, आणि तिच्या लेबलवर काही लिहिलेलं असेल तर खिडकीच्या तिरप्या उजेडात त्याचा फोटो घ्या. पेन्सिल पुसट झाली तरी दाबाची खूण तिरप्या उजेडात वाचता येते.